हार्वर्डचे पहिले माहितीपत्रक

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास आढळतो. अमेरिकेतील सर्वांत जुने विद्यापीठ कोणते? उत्तर : हार्वर्ड, १६३६. विद्यार्थी ते पाठ करतात, एक गुण मिळवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मीही अनेक वर्षे हे उत्तर व्याख्यानांत बिनदिक्कत सांगत आले. ६ जून २०१२ रोजी सकाळी सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना दाखवायला आम्ही काही जण एका गावातल्या शाळेच्या मैदानावर जमलो होतो. सुट्टी असूनही पन्नासएक मुले आली होती. ढग मध्ये मध्ये येत होते, तेवढ्या वेळात मी मुलांना गोष्ट सांगत होते. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन विन्थ्रॉप १७६१ साली नेमक्या याच तारखेला, ६ जूनला, हेच दृश्य पाहण्यासाठी दोन विद्यार्थी आणि कॉलेजची उपकरणे घेऊन जहाजाने न्यूफाउंडलंडला गेले. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारने त्यासाठी आपले जहाज दिले. गोष्ट रंगली होती. कॉलेज किती जुने, तिथे मुले कशी राहत, हेही ओघाने आले. तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘मॅडम, तिथं जेवण कोण बनवायचं?’’

मला उत्तर येत नव्हते. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण त्या प्रश्नामुळे मी हार्वर्डच्या आरंभाविषयीचे लेखन नव्याने वाचायला घेतले. त्यातल्या एका जुन्या पुस्तिकेबद्दल इथे लिहायचे आहे. ‘न्यू इंग्लंड्स फर्स्ट फ्रूट्स’ हे तिचे नाव. लंडनमध्ये १६४३ साली छापलेली ही छोटी पुस्तिका म्हणजे हार्वर्डची छापील रूपातली पहिली हकिगत. पुढच्या बहुतेक लेखकांनी आरंभकाळाची माहिती हिच्यातूनच उचलली आहे.

ती वाचताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. ही पुस्तिका इतिहास म्हणून लिहिलेली नाही, ती वर्गणीसाठी काढलेली आहे. १६४१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने ह्यू पीटर, थॉमस वेल्ड आणि विल्यम हिबिन्स या तिघांना पैसे व मदत मिळवण्यासाठी इंग्लंडला पाठवले होते. त्या मोहिमेचे हे छापील साहित्य. आजच्या भाषेत सांगायचे तर माहितीपत्रक आणि देणगीचे आवाहन असे दोन्ही. प्रयोगशाळेत एखादे यंत्र घ्यायचे असले की आपण विक्रेत्याची पुस्तिका जशी वाचतो, तशी ही वाचायला हवी. तिच्यातले आकडे खोटे असतातच असे नाही. पण कोणते आकडे दिले आणि कोणते गाळले, हे विकणाऱ्याने ठरवलेले असते.

पुस्तिकेचे दोन भाग आहेत. पहिला तिथल्या मूळ रहिवाशांच्या धर्मांतराबद्दल, दुसरा कॉलेजबद्दल. शिक्षकांनी दुसरा भाग जरूर वाचावा, कारण त्यात चक्क वेळापत्रक आहे. सोमवार आणि मंगळवार : सकाळी आठला पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र आणि नंतरच्या काळात ‘फिजिक्स’, नऊला दुसऱ्या वर्षाला नीतिशास्त्र आणि राज्यशास्त्र, दहाला तिसऱ्या वर्षाला वर्षाचे पहिले तीन चतुर्थांश अंकगणित व भूमिती आणि शेवटच्या चतुर्थांशात खगोलशास्त्र. बुधवार ग्रीकचा. गुरुवार हिब्रू आणि तिच्या जवळच्या भाषांचा. शुक्रवार वक्तृत्वाचा. शनिवारी धर्मशिक्षण, आणि त्याच दिवशी हिवाळ्यात इतिहास, उन्हाळ्यात वनस्पतींचे गुणधर्म. वनस्पतिशास्त्र उन्हाळ्यात ठेवण्याचा व्यवहारीपणा मला आवडला. बर्फात झाडे कुठून दाखवणार?

यातला ‘फिजिक्स’ हा शब्द मात्र फसवा आहे. तो वाचून गॅलिलिओची घरंगळती गोळी डोळ्यांपुढे आणू नये. तिथे अॅरिस्टॉटलच्या परंपरेतले निसर्गज्ञान ग्रंथांतून शिकवले जाई आणि वादविवादातून पक्के केले जाई. हाताने करायचा प्रयोग त्यात नव्हता. शिकवणारी माणसेही मोजकीच होती. सगळ्या वर्गांचे सगळे विषय मुख्यतः एकटे अध्यक्ष हेन्री डन्स्टर शिकवत. आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळांतल्या गुरुजींना हे नवीन वाटणार नाही. प्रवेशासाठी सिसेरोसारख्या लेखकाचे लॅटिन समोर ठेवताच समजले पाहिजे आणि लॅटिनमध्ये गद्यपद्य रचता आले पाहिजे, अशी अट होती. कॉलेजच्या नियमांनुसार आवारात मातृभाषा, म्हणजे इंग्रजी, बोलायला मनाई होती. इंग्रजी ही ज्ञानभाषा नाही असे ठरवून एका इंग्रजी वसाहतीने आपले पहिले कॉलेज काढले, हे आपल्याकडच्या माध्यमाच्या वादात कोणी सांगत नाही!

आता या पुस्तिकेत काय नाही ते पाहू.

तिच्यात हार्वर्ड नावाच्या एका सद्गृहस्थाने आपली निम्मी मालमत्ता आणि सगळी ग्रंथसंपदा दिल्याचे सांगितले आहे. एकूण मालमत्ता सुमारे १७०० पौंडांची होती असेही म्हटले आहे. त्याचे निम्मे ८५० होतात. कॉलेजच्या दप्तरातला आकडा ७७९ पौंड, १७ शिलिंग, २ पेन्स आहे. तफावत फार मोठी नाही, पण देणगीच्या पत्रकात आकडा कोणत्या बाजूला वळला ते पाहण्यासारखे आहे. जॉन हार्वर्ड हे तरुण धर्मोपदेशक होते. वसाहतीत येऊन जेमतेम वर्ष झाले असताना सप्टेंबर १६३८ मध्ये ते क्षयाने वारले. वसाहतीच्या विधिमंडळाने कॉलेजसाठी ४०० पौंड मंजूर केले होते ते २८ ऑक्टोबर १६३६ रोजी, म्हणजे हार्वर्ड तिथे पोहोचण्याच्याही आधी. तेव्हा ना जागा ठरली होती, ना शिक्षक, ना नाव. वर्ग सुरू झाले १६३८ मध्ये. नाव दिले गेले मार्च १६३९ मध्ये. हार्वर्डच्या आवारातल्या प्रसिद्ध पुतळ्यावर ‘जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८’ असे कोरले आहे आणि मार्गदर्शक पर्यटकांना हौसेने सांगतात की यात तीन थापा आहेत. हार्वर्डचे चित्रच उपलब्ध नसल्याने १८८४ मधल्या या पुतळ्याचा चेहरा दुसऱ्याचा आहे, ते संस्थापक नव्हते, आणि साल १६३६ हवे.

तिसऱ्या थापेबद्दल मला थोडी शंका आहे. इंग्रजी मुलखात त्या काळी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. ही पद्धत १७५२ पर्यंत चालली. म्हणजे आपण ज्याला मार्च १६३९ म्हणतो, तो नामकरणाचा दिवस त्या काळच्या माणसांच्या लेखी १६३८ मध्येच पडत होता. पुतळ्याचे साल चुकीचे नाही, ते दुसऱ्याच घटनेचे आहे एवढेच. मोजायला सुरुवात कुठून करायची हे आधी ठरवल्याशिवाय ‘सर्वांत जुने’ या शब्दांना अर्थ येत नाही.

याचा सर्वांत गमतीदार नमुना पेनसिल्व्हेनियात सापडतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अकादमीचा प्रस्ताव मांडला १७४९ मध्ये, वर्ग भरले १७५१ मध्ये, कॉलेज म्हणून सनद मिळाली १७५५ मध्ये. बराच काळ ही संस्था आपले जन्मसाल १७४९ सांगत असे. पुढे समारंभांच्या मिरवणुकीत कोणत्या विद्यापीठाने पुढे चालायचे ते स्थापनेच्या सालावरून ठरू लागले, आणि १८९९ मध्ये विश्वस्तांनी ठराव करून साल १७४० केले. आधार काय, तर अकादमीने घेतलेली इमारत मुळात १७४० मध्ये एका फिरत्या धर्मप्रवचनकारासाठी आणि धर्मादाय शाळेसाठी बांधायला घेतली होती! या एका ठरावाने १७४६ चे प्रिन्स्टन मागे पडले. हाच न्याय लावला तर व्हर्जिनियातले विल्यम अँड मेरी कॉलेज १६९३ ची शाही सनद बाजूला ठेवून १६१९ चा दावा करू शकते, कारण तेव्हा हेन्रिकोला कॉलेज काढण्यासाठी जमीन राखून ठेवली होती आणि इंग्लंडमधल्या चर्चमधून पैसा जमवला होता. १६२२ च्या हल्ल्यात ती योजना बुडाली. मग हार्वर्डचे काय होणार? शिवाय ‘अमेरिका’ म्हणजे फक्त संयुक्त संस्थाने, असे आपण मराठीत गृहीत धरतो. लिमा आणि मेक्सिको इथल्या विद्यापीठांना स्पेनच्या राजसत्तेची मान्यता १५५१ मध्येच मिळाली होती.

पण हा सालांचा खेळ झाला. पुस्तिकेने गाळलेली खरी गोष्ट १६३८-३९ या पहिल्या वर्षाची आहे. त्या वर्षी कॉलेजचे प्रमुख डन्स्टर नव्हते, नॅथॅनिएल ईटन होते. त्यांनी आपल्या सहायकाला अक्रोडाच्या लाकडाच्या दांडक्याने इतके बडवले की प्रकरण न्यायालयात गेले. तिथे विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या तक्रारीही निघाल्या. आंबट पाव, आतडी न काढलेले मासे, पिठाच्या लापशीत बकरीच्या लेंड्या. ईटनबाईंचा लेखी जबाब गव्हर्नर विन्थ्रॉप (आपल्या प्राध्यापकांचे पूर्वज) यांच्या रोजनिशीसोबत जपला गेला आहे. काही आरोप त्यांनी कबूल केले, काही माहीत नसल्याचे सांगितले. ईटनना काढून टाकले आणि कॉलेज सुमारे वर्षभर बंद राहिले. देणगीदारांना हे सांगण्याजोगे नव्हते, तेव्हा १६४३ च्या पुस्तिकेतून ईटन गायब झाले.

इथपर्यंतची हकिगत हार्वर्डवरच्या हलक्याफुलक्या लेखनात वारंवार येते. लेंड्यांचा किस्सा तर कोणीच सोडत नाही. मीही तो सांगून मुलांना हसवले आहे. पण त्याच जबाबात आणखी एक वाक्य आहे. घरातला ‘मूर’ एका विद्यार्थ्याच्या चादरीत आणि उशीच्या अभ्र्यावर झोपला होता, या तक्रारीत तथ्य आहे, असे ईटनबाई मान्य करतात. मूर म्हणजे काळ्या वर्णाचा माणूस. त्याचे नाव लिहिलेले नाही. वसाहतीत गुलाम आफ्रिकी माणसे आणल्याची नोंद ‘डिझायर’ या जहाजाच्या १६३८ च्या फेरीपासून सापडते, म्हणजे कॉलेजचे वर्ग भरू लागले त्याच वर्षी. हा जबाब कित्येक वर्षे सर्वांसमोर होता. वाचणाऱ्यांना त्यातल्या लेंड्या दिसल्या, माणूस दिसला नाही. विदा समोर असून प्रश्न नसला तर निरीक्षण होत नाही, हे आम्ही संशोधक विद्यार्थ्यांना शिकवतो आणि स्वतः असे चुकतो.

पुस्तिकेच्या पहिल्या भागाची तऱ्हा वेगळी आहे. तिथे मूळ रहिवाशांच्या धर्मांतराचे चित्र उत्साहाने रंगवले आहे. पण जॉन इलियट यांनी त्या लोकांच्या भाषेत प्रवचन दिले १६४६ मध्ये, पुस्तिका छापून झाल्यावर तीन वर्षांनी. साहजिकच इथे मोजक्या व्यक्तींच्या कहाण्या गोळा करून पाने भरावी लागली आहेत. आणि ज्या पेकॉट जमातीतल्या वेक्वॉश या माणसाच्या श्रद्धेचे गोडवे गायले आहेत, त्या जमातीची १६३७ च्या युद्धात वसाहतीनेच कत्तल केली होती. पकडलेल्यांना वेस्ट इंडीजमध्ये गुलाम म्हणून पाठवले होते.

तरीही पुस्तिकेतले हे आश्वासन पैसे मिळवण्याच्या कामी आले. १६५० च्या सनदेत इंग्रज आणि इंडियन अशा दोन्ही तरुणांचे शिक्षण हा हेतू लिहिला गेला. लंडनहून धर्मप्रसारासाठी आलेल्या निधीतून आवारातली पहिली विटांची इमारत ‘इंडियन कॉलेज’ म्हणून उभी राहिली. तिच्यात मूळ रहिवाशी विद्यार्थी अगदी थोडे राहिले. छापखाना मात्र चालला, आणि १६६३ मध्ये मॅसॅच्युसेट भाषेतले संपूर्ण बायबल तिथे छापून झाले. त्याचे खिळे जुळवणाऱ्यांत निपमक जमातीचा जेम्स प्रिंटर होता. केलेब चीशाटोमक १६६५ मध्ये पदवीधर झाला आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेला. त्याचा सोबती जोएल याकूम्स पदवी मिळण्यापूर्वीच मारला गेला. ती पदवी हार्वर्डने २०११ मध्ये दिली. इमारत १६९८ मध्ये पाडली गेली.

हाच प्रकार अन्यत्रही घडला. दाबाखालच्या वायूचा नियम ज्यांच्या नावाने आपण आठवी-नववीपासून शिकवतो, त्या रॉबर्ट बॉइल यांच्या मृत्युपत्रातून निघालेल्या पैशावर विल्यम अँड मेरीत इंडियन मुलांची शाळा चालली. १७२३ मध्ये बांधलेली तिची इमारत अजून उभी आहे. डार्टमथची कथा सर्वांत कडू आहे. मोहेगन जमातीचे सॅमसन ऑकम यांनी १७६६ ते १७६८ या काळात ब्रिटनमध्ये हिंडून, शेकडो प्रवचने देऊन सुमारे १२,००० पौंड जमवले. पैसा इंडियन मुलांच्या शाळेसाठी होता. एलिझर व्हीलॉक यांनी १७६९ मध्ये त्यातून कॉलेज उभे केले ते मुख्यतः गोऱ्या मुलांसाठी. ऑकम यांनी व्हीलॉक यांना त्याबद्दल खडसावणारे पत्र लिहिले होते.

मग ही कॉलेजे म्हणजे निव्वळ ढोंग होती का? तसे म्हणणे सोपे आहे, पण पुरावा तसे म्हणू देत नाही. हार्वर्ड ही नुसती पाद्री घडवण्याची शाळा होती असे पूर्वी सर्रास म्हटले जाई. सॅम्युएल एलियट मॉरिसन यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात ते खोडून काढायचा प्रयत्न केला, आणि निदान विज्ञानापुरता मला त्यांचा पक्ष पटतो. सतराव्या शतकातले साधारण निम्मेच पदवीधर धर्मोपदेशक झाले. झकराया ब्रिगडन या ताज्या पदवीधराने १६५९ च्या पंचांगात सूर्यकेंद्री विश्वाची ओळख करून दिली. गॅलिलिओवरच्या खटल्याला तेव्हा फक्त २६ वर्षे झाली होती. न्यू हेवनच्या एका वजनदार धर्मोपदेशकाला ते पटले नाही, पण प्रकरण कुरकुरीवर संपले. १६७२ मध्ये कॉलेजला दुर्बीण भेट मिळाली. १६८० च्या मोठ्या धूमकेतूची हार्वर्डचे पदवीधर थॉमस ब्रॅटल यांनी घेतलेली निरीक्षणे न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’त वापरली गेली. १७५५ च्या भूकंपानंतर बॉस्टनच्या एका धर्मोपदेशकाने वीजवाहक सळयांमुळे वीज जमिनीत साठून भूकंप झाला असावा असे सुचवले, तेव्हा विन्थ्रॉप यांनी कॉलेजातल्या व्याख्यानातून आणि छापील परिशिष्टातून त्याचा समाचार घेतला. हे सगळे खरे आहे आणि मुलांना सांगण्याजोगे आहे.

येलचा आरंभ आपल्या जवळचा आहे, म्हणून थोडे विषयांतर. १७०१ मध्ये सनद मिळालेल्या त्या छोट्या शाळेला जेरेमाया डमर यांनी १७१४ च्या सुमारास आठशेहून अधिक पुस्तके मिळवून दिली. त्यांत खुद्द न्यूटन यांनी दिलेली त्यांची पुस्तकेही होती. नाव मात्र लागले ते एलिहू येल यांचे. १७१८ मध्ये त्यांनी कापडचोपडाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तके आणि राजाचे एक चित्र पाठवले. माल विकून ५६२ पौंड आले. हे येल १६८७ पासून मद्रासच्या कंपनी सरकारचे गव्हर्नर होते आणि खासगी व्यापाराच्या आरोपांवरून १६९२ मध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना, १६९० मध्ये, कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला मराठ्यांकडून इंग्रजांनी विकत घेतला तो याच येल यांच्या कारकिर्दीत. किल्ल्याभोवतीचा किती मुलूख द्यायचा, तर तोफेचा गोळा जिथवर पोहोचेल तिथवर, असे ठरले होते. इंग्रजांनी चांगली तोफ निवडून चहूबाजूंनी गोळे टाकले. प्रक्षेप्य वस्तूचा पल्ला शिकवताना हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

अलीकडच्या लेखनाकडे येते. क्रेग स्टीव्हन वाइल्डर यांच्या ‘एबनी अँड आयव्ही’ (२०१३) या ग्रंथाने वसाहतकाळातल्या कॉलेजांचा पैसा आणि गुलामांचा व्यापार यांची सांगड कागदोपत्री दाखवून दिली. पुस्तक महत्त्वाचे आहे, वाचायला मात्र दमवणारे. नावांमागून नावे येतात, आणि प्रत्यक्ष वर्गात काय शिकवले जाई याचे चित्र त्यातून फारसे उभे राहत नाही. मॉरिसन यांच्याकडे वर्ग आहे, वाइल्डर यांच्याकडे हिशेबवही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावी लागतात. विद्यापीठांनी स्वतः केलेल्या चौकश्यांत ब्राउनचा २००६ चा अहवाल बराच आधीचा. हार्वर्डचा २०२२ मध्ये आला. त्यात सत्तरहून अधिक गुलाम व्यक्तींची नोंद आहे, त्यांच्यावर मालकी सांगणारे संस्थेचे अध्यक्ष, प्राध्यापक आणि कर्मचारी होते. असे अहवाल म्हणजेही संस्थेनेच काढलेली माहितीपत्रके आहेत, हे विसरू नये. पण १६४३ च्या पुस्तिकेपेक्षा एक फरक आहे. यांत पुरावे पानोपानी दिले आहेत, ते कोणालाही तपासता येतात.

आवारातल्या वॉड्सवर्थ हाउस या अध्यक्षांच्या जुन्या घरावर २०१६ मध्ये एक फलक लागला. त्यावर टायटस, व्हीनस, बिल्हा आणि जूबा अशी चार नावे आहेत. पहिली दोन माणसे अध्यक्ष वॉड्सवर्थ यांची गुलाम होती, दुसरी दोन अध्यक्ष होल्योक यांची. विन्थ्रॉप शुक्राचे अधिक्रमण पाहायला गेले तेव्हा अध्यक्ष होल्योकच होते. आणि व्हीनस हे शुक्राचेच इंग्रजी नाव.

शुक्राचे पुढचे अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे, म्हणजे ती गोष्ट सांगायची संधी मला पुन्हा तशी मिळणार नाही. प्रश्न विचारणारी मुलगी आता पंचविशी ओलांडून गेली असेल. तिला द्यायचे राहिलेले उत्तर असे : पहिल्या वर्षी स्वयंपाकघर ईटनबाईंचे होते, आणि त्या घरात काम करणारा निदान एक माणूस असा होता ज्याला तिथे झोपायला स्वतःची चादर नव्हती.